कुंभकोणमचा खासदार आणि हरवलेला अहवाल

मंडळाच्या चिटणीसांचा दरवर्षीप्रमाणे फोन आला. "साहेब, स्मरणिकेसाठी दोन-तीन पाने लिहून द्या. तुम्ही कुंभकोणमला आहात, तिथल्या देवळांवर लिहा." देवळांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. या गावात मान वर केली की गोपूर दिसते. महामहम तलावावर दर बारा वर्षांनी आपल्या नाशिकच्या कुंभमेळ्यासारखी गर्दी लोटते. मागचा मेळा २०१६ ला झाला, पुढचा २०२८ ला आहे. पण देवळांवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत. मी डिप्लोमा झालेला रेल्वेचा माणूस, उमेदीची वर्षे रूळ, स्लीपर आणि खडीत गेलेली. मला या गावात जी गोष्ट सापडली ती लोकशाहीची आहे. लोकमान्यांनी घरातला गणपती चौकात आणला तो लोकांनी एकत्र यावे, बोलावे म्हणूनच. तेव्हा हा विषय आपल्या स्मरणिकेत परका वाटू नये.

आमचे घरमालक तंजावरी मराठी. वय ऐंशीच्या पुढे, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांच्या घराण्याला महाराष्ट्र सोडून तीनशे वर्षे झाली, तरी घरात मराठीच बोलतात. ती आपल्याला जरा थांबून ऐकावी लागते इतकेच. पहिल्याच रविवारी फिल्टर कॉफीचा पितळी डवरा पुढे ठेवून त्यांनी माझी परीक्षा घेतली. "सर टी. माधवराव माहीत आहेत?" मी म्हटले, बडोद्याचे दिवाण. "ते इथले. १८२८ चा जन्म, कुंभकोणमचा. त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशी तीन संस्थाने सांभाळली. १८८७ ला मद्रासला काँग्रेस भरली तिचे स्वागताध्यक्ष तेच. आणि श्रीनिवास शास्त्री?" इथे मी गप्प. मग त्यांनीच सांगितले. जवळच्या वलंगैमानचा मुलगा, शिक्षण कुंभकोणमला, पुढे पुण्याला गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेला आणि १९१५ ला गोखले वारल्यावर समाजाचा अध्यक्ष झाला.

आजोबांचा मुद्दा असा की लोकशाही इथे १५ ऑगस्टला एकदम उगवली नाही. कुंभकोणमची नगरपालिका १८६६ ची. मत देणारे मूठभर होते, अधिकार तुटपुंजे होते, पण सभा भरवणे, ठराव मांडणे, विरोधात मत देऊन पुन्हा एकाच ओसरीवर कॉफी पिणे याची सवय लागत होती.

मी त्यांना विचारले, "आजोबा, सवय तर इतर देशांतही थोडीफार होती. मग तिथे का टिकले नाही?"

प्रश्न सोपा नव्हता. आपल्याबरोबर आणि आपल्यानंतर स्वतंत्र झालेल्या देशांची यादी पाहिली की धडकी भरते. घाना १९५७ ला स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी खटल्याशिवाय डांबून ठेवण्याचा कायदा आला, १९६४ ला एकच पक्ष उरला आणि १९६६ ला लष्कर आले. ब्रह्मदेशात लष्कराने १९६२ ला सत्ता घेतली. पाकिस्तानात १९५८ ला लष्करी राजवट आली. प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९७० ला झाली, पण तिचा निकाल मानायला सत्ताधारी तयार झाले नाहीत आणि देश फुटला. राज्यघटना यांतल्या बहुतेकांकडे होत्या. हरलेल्याने खुर्ची सोडायची आणि जिंकलेल्याने हरलेल्याला जगू द्यायचे, हे जमले नाही.

आपली सुरुवातही अगदी निर्मळ होती असे नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीला सुमारे १७ कोटी मतदार होते आणि त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच नाव सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. आमच्या मद्रास राज्यात काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागा मिळाल्या, बहुमत नव्हते. तरी निवडणूक न लढवलेल्या राजाजींना राज्यपालांनी विधान परिषदेवर नेमले आणि ते मुख्यमंत्री झाले. आजोबा इतिहासाचे मास्तर असल्यामुळे असल्या गोष्टी झाकत नाहीत.

पण १९६७ ची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलतो. द्रमुक हा मुळात वेगळा द्रविडनाडू मागणारा पक्ष. १९६३ ला फुटीरतेच्या प्रचाराला बंदी करणारी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षाने ती मागणी सोडून दिली. चारच वर्षांनी तो मतपेटीतून राज्यात सत्तेवर आला. मुख्यमंत्री भक्तवत्सलम हरले, खुद्द कामराज विरुदुनगरला एका विद्यार्थी नेत्याकडून हरले, आणि अण्णादुरै मुख्यमंत्री झाले. लष्कर बराकीत राहिले, रेल्वे वेळापत्रकाप्रमाणे धावली. समुद्रापलीकडच्या श्रीलंकेत तमिळांना प्रांतिक सत्तेची अशी पायरीच नव्हती. १९८३ ला वेगळ्या राज्याच्या मागणीविरुद्ध शपथेची अट आली, तमिळ खासदारांच्या जागा गेल्या आणि युद्ध २००९ पर्यंत चालले. कारणे अनेक आहेत, पण रागावलेल्या माणसाला सत्तेपर्यंत जायला एक सरळ वाट उघडी असणे किती मोलाचे आहे हे यावरून कळते.

त्याच १९६७ ला कुंभकोणमने लोकसभेवर द्रमुकचे इरा सेळियन यांना पाठवले. १९७१ ला पुन्हा त्यांनाच. तेव्हा द्रमुकची युती इंदिराजींच्या काँग्रेसशी होती. आजोबांचे मत तेव्हा त्यांनाच गेले होते. गणित शिकलेला माणूस, संसदेत लोकलेखा समितीचे अध्यक्षपद सांभाळलेला. हिशेब तपासण्याची खोड असलेला, असे आजोबा म्हणतात.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. राष्ट्रपतींची सही रात्री झाली आणि मंत्रिमंडळाला सकाळी बोलावून मंजुरी घेतली गेली. आमच्या भाषेत सांगायचे तर आधी रूळ उखडले आणि मग ब्लॉकची परवानगी लिहिली. त्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या हे आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो. इकडे तमिळनाडूत द्रमुक सरकारने आणीबाणीला विरोध केला आणि ३१ जानेवारी १९७६ ला ते बरखास्त झाले. मद्रासच्या तुरुंगात राजकीय कैद्यांना मारहाण झाली. तिची चौकशी पुढे न्या. इस्माईल आयोगाने केली. हेही सांगितले पाहिजे की द्रमुक सरकारवर भ्रष्टाचाराचे आरोप होते आणि त्यासाठी सरकारिया आयोग बसला होता. धुतल्या तांदळासारखे कोणीच नव्हते. आणि १९७७ च्या निवडणुकीत उत्तरेत काँग्रेसचा धुव्वा उडाला तरी तमिळनाडूने बहुसंख्य जागा काँग्रेस आणि अण्णा द्रमुकच्या आघाडीलाच दिल्या. इतिहास आपल्या सोयीने चालत नाही.

मे १९७७ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. १९७८ मध्ये त्याचे तीन अहवाल आले. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून १ लाख १० हजारांवर माणसे डांबली गेली होती. १९७६-७७ या एका वर्षात ८१ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आकड्यांइतकीच मोठी गोष्ट म्हणजे कोणी तोंडी हुकूम दिला, कोणी मागची तारीख घालून कागद तयार केला, कोणत्या अधिकाऱ्याने काही न विचारता सही केली, हे त्यात लिहिलेले आहे. त्याच वर्षी ४४ वी घटनादुरुस्ती झाली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही, आणि 'अंतर्गत अशांतता' हे ढोबळ कारण पुरत नाही, 'सशस्त्र बंड' लागते.

१९८० ला इंदिराजी पुन्हा निवडून आल्या. त्यानंतर शहा आयोगाचे अहवाल मिळेनासे झाले. प्रती गोळा करून नष्ट केल्या असे म्हटले जाते. देशात त्याची प्रत मिळणे मुश्कील झाले. तीसएक वर्षे असेच गेले. मग सेळियन यांना स्वतःच्या संग्रहात आपली प्रत सापडली. २०१० मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी तिन्ही अहवाल एकत्र करून पुस्तकरूपाने चेन्नईहून पुन्हा छापून घेतले. 'हरवलेला आणि परत मिळालेला' अशा अर्थाचे नाव त्याला दिले. २०१७ ला ते वारले.

आजोबांनी ते जाड पुस्तक माझ्या हातात दिले तेव्हा म्हणाले, "हा आमचा खासदार. १९७७ ला मतदारसंघच पुसला गेला, आता आम्ही मयिलादुतुरैला मत देतो. पण हे राहिले."

हे पुस्तक वाचताना मला झोप लागली नाही त्याचे कारण वेगळे होते. आता कबूल करतो. नोकरीत नवा होतो, दुसऱ्याच ठिकाणी. यार्डातल्या एका पॉइंटवर मालगाडीची वॅगन घसरली. आमच्याकडे अशा वेळी सगळ्या खात्यांचे सुपरवायझर जागेवर मापे घेतात आणि जॉइंट नोट करतात. टंग रेल झिजलेली होती, गेज सैल होते. माप मीच घेतले होते. संध्याकाळी एका वरिष्ठांनी खांद्यावर हात ठेवला. "अरे, नवा आहेस. एवढे खरे लिहिलेस तर सगळेच अडकतील. दोन आकडे इकडचे तिकडे कर." मी केले आणि सही केली. चार महिन्यांनी त्याच पॉइंटवर दुसरी वॅगन उतरली. बाजूला उभ्या असलेल्या पॉइंट्समनचा पाय मोडला. तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचा, कारण त्याला पहिल्या नोटेचे माहीत नव्हते. मला माहीत होते. पहिली नोट खरी असती तर तो पॉइंट तेव्हाच बदलला गेला असता.

अपघाताचा अहवाल कोणाला फाशी देण्यासाठी नसतो. तोच अपघात पुन्हा होऊ नये म्हणून असतो. हे कुंभकोणमला वेगळे सांगावे लागत नाही. १६ जुलै २००४ ला इथल्या एका शाळेला आग लागून ९४ मुले गेली. न्या. संपत आयोग बसला, राज्यातल्या शाळांवरची झावळ्यांची छपरे काढली गेली. त्या आईबापांचे दुःख कशानेच भरून येणार नाही. पण आज दुसरे एखादे मूल पक्क्या छपराखाली बसते ते त्या नोंदीमुळे.

नव्या देशांत लोकशाही का डळमळते याची कारणे विद्वान सांगतात: गरिबी, निरक्षरता, जातपात, लष्कर. ती खरीच आहेत. मी रुळांवरचा माणूस, मला त्यात एकाची भर घालावीशी वाटते. अपघात सगळीकडे होतात. ज्या देशात त्याची खरी नोंद होते, ती जपली जाते आणि वाचली जाते, तो देश सावरतो. आपण नोंद केली, नियमही सुधारला, आणि मग कागद हरवू दिला. तो एका माजी खासदाराच्या संग्रहातून परत मिळाला, हे आपले नशीब. दर वेळी नशिबावर विसंबता येत नाही. आमचा कीमन रोज हातोडा घेऊन आपल्या हद्दीतून चालतो. काल रूळ ठीक होता म्हणून आज घरी बसत नाही.

ढिलाई आजही होते. तमिळनाडूत नगरपालिकांची मुदत २०१६ ला संपली आणि निवडणुका थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये झाल्या. मधली पाच वर्षे अधिकाऱ्यांनीच कारभार पाहिला. आजोबा रोज त्यावर चिडायचे. पण निवडणूक झाली आणि नुकत्याच महानगरपालिका झालेल्या या गावाचे पहिले महापौर म्हणून के. सरवणन निवडून आले. ते रिक्षा चालवत होते. दिवाण माधवरावांच्या गावात रिक्षावाला महापौर! त्या संध्याकाळी आजोबांनी मला दोनदा कॉफी पाजली.

शेवटी आपल्या मंडळाविषयी एक विनंती. मागच्या वर्षी सुट्टीत आलो तेव्हा जुन्या जमाखर्चाच्या वह्या आणि सभांची इतिवृत्ते मांडवाच्या सामानात, दोऱ्या आणि बांबूंखाली ओल धरून पडलेली पाहिली. त्यात जुनी भांडणे आहेत, एका वर्षीची वर्गणीची तूट आहे, त्यावरचा वादाचा ठरावही आहे. काहींना ते नको वाटेल. तरी त्या वह्या उन्हात वाळवून एका कपाटात कुलुपात ठेवू या आणि किल्ली दरवर्षी नव्या चिटणीसांकडे सर्वांसमोर देऊ या. कपाटाचा खर्च मी देतो. वर्गणीच्या पावतीवर नाव नको, वहीत नोंद मात्र करा.

गणपती बाप्पा मोरया!