तळ्याकाठची सरस्वती

लहानपणी दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आम्ही तिला झेंडूची फुले वाहत असू. ही देवी आपल्या घरचीच, असा माझा समज होता. पुढे जपानचा इतिहास वाचताना कळले, की बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे ती हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच तिकडे जाऊन राहिली आहे. तिथे तिचे नाव बेन्झाइतेन. हातात वीणेऐवजी बिवा आला. विद्या आणि संगीताबरोबर संपत्तीही तिच्याकडे आली. पण मूळची नदी ती! तिची देवळे बहुधा पाण्याकाठीच.

तसलेच एक छोटे देऊळ पाहायला मी टोकियोत मुद्दाम गेलो. जागा योशिवारा.

टोकियोचे जुने नाव एदो. १६१७ साली शोगुनच्या सरकारने तिथल्या गणिकांची एकच वस्ती करण्यास परवानगी दिली. १६५७ च्या भीषण आगीनंतर ती असाकुसाच्या उत्तरेला पाणथळ जमिनीत हलवली. भोवती खंदक आणि ये-जा करायला एकच मोठा दरवाजा. आत दिवे, गाणे, नाच, भरजरी वस्त्रे! उतामारोसारख्या चित्रकारांनी हे वैभव अजरामर केले. चारी कोपऱ्यांना इनारीची देवळे होती. इनारी हा भाताचा आणि भरभराटीचा देव. कोल्हे त्याचे दूत. भरभराट झालीही, पण कोणाची? आतल्या कितीतरी मुली आईबापांनी कर्जापोटी विकलेल्या. बेवारशी मेलेल्यांना जवळच्या जोकान्-जी मंदिरात पुरत. तिथे सुमारे २५,००० जणींना मूठमाती मिळाली, असे सांगतात.

जमिनीत भर घालताना एक तळे राहिले होते; त्याच्याच काठी बेन्झाइतेन बसली. १ सप्टेंबर १९२३ ला भूकंप झाला, आगी भडकल्या आणि माणसे जीव वाचवायला त्या तळ्याकडे धावली. ४९० जण बुडून मेले. त्यांच्या स्मरणार्थ १९२६ साली तिथे करुणेची देवता कान्नोन हिची मूर्ती उभारली.

१९५८ साली कायद्याने योशिवाराचा जुना धंदा बंद झाला. १९५९ साली तळेही बुजवले; आता त्याची नुसती खूण उरली आहे.

मी हात जोडले. पाटीवरच्या सरस्वतीकडे आम्ही विद्या मागत होतो. इथल्या मुलींनी तिच्याकडे काय मागितले असेल? बहुधा त्या एकुलत्या दरवाजाबाहेरची वाट.