कंदीलवाल्या, शिडी धर!

साल 79, मार्च महिना. पाँपेईचा फोरम मागे टाकून तुम्ही पूर्वेकडच्या मोठ्या रस्त्याला लागलात. पुढे कधीतरी लोक त्याला व्हिया देल्लाबोंदान्झा म्हणतील. पायाखाली काळे फत्तर, त्यांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड बसवले आहेत, त्यांवरून जपून पाय टाका. नजर मात्र भिंतींवर ठेवा. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतली चित्रं पाहायला सगळेच जातात; मला विचाराल तर पाँपेईचा जीव या रस्त्याकडेच्या भिंतींत आहे.

स्टाबिया दरवाज्याकडे जाणारा रस्ता ओलांडलात की डाव्या हाताला व्हेरेकुंडुसचं दुकान येतं. थांबाच इथे. दाराशेजारच्या भिंतीवर चार हत्ती एक रथ ओढताहेत आणि रथात उभी आहे व्हीनस, या शहराची देवी, डोक्यावर मुकुट घातलेली. तिच्या खालच्या पट्टीत देवबिव कोणी नाही. तिथे कारागीर आहेत: कोणी बुटक्या बाकावर बसून लोकर विंचरतंय, काही जण उघड्या अंगाने भट्टीभोवती नमदा दाबताहेत, आणि उजव्या टोकाला खुद्द व्हेरेकुंडुस तयार कापड दोन्ही हातांनी उलगडून दाखवतोय. खाली त्याचं नावही लिहिलंय. देवीच्या पायाशी स्वतःचा कारखाना रंगवून घेणारा हा माणूस मला फार आवडतो.

पुढे चला. निवडणुका तोंडावर आल्यात. आपल्याकडे गावोगावी चुना मारून भिंत अडवून ठेवतात, तसंच इथेही चाललंय: जुन्या उमेदवारावर पांढरा हात, त्यावर तांबड्या रंगात नवं नाव. अक्षरं उंच, सडपातळ, लांबून वाचता येणारी. शिफारस करणाऱ्यांत फळविके आहेत, सोनार आहेत. व्हातिया नावाच्या उमेदवारासाठी तर उशिरापर्यंत पिणाऱ्या मंडळींच्या नावाने मत मागितलंय. हे विरोधकांचंच काम असावं.

आसेलिनाच्या खानावळीपाशी जरा जवळ जाऊन बघा. झ्मिरिना नावाच्या बाईने एका उमेदवाराची शिफारस केली होती, आणि नेमका तिच्या नावावरच कोणीतरी चुना फासलाय. बायकांना इथे मताचा अधिकार नाही, तरी त्या भिंतीवर आपलं म्हणणं मांडतात. चुन्याच्या पातळ थराखालून तिचं नाव अजून वाचता येतं, हे पाहून मला बरं वाटतं.

अंधार पडला. आता रंगारी बाहेर पडतील. शहराच्या उत्तर भागात अशाच एकाने ग्लॅडिएटरांच्या खेळांची जाहिरात रंगवून शेजारी सही ठोकलीय: एमिलिउस केलेर, आणि हे आपण एकट्याने, चांदण्यात लिहिल्याचंही त्याने नोंदवलंय. सगळ्यांना एकट्याने जमत नाही. एक चुना मारणारा, एक लिहिणारा, एक कंदील धरणारा, अशी टोळी लागते. याच रस्त्यावर पुढे एका रंगाऱ्याने भिंतीवरच लिहून टाकलंय, कंदीलवाल्या, शिडी धर! दोन हजार वर्षं टिकलेली ही हाक कामाच्या घाईतली आहे, आणि म्हणूनच ती एवढी खरी वाटते.

वर्ष सरायच्या आत व्हेसुव्हियस हे सगळं गाडून टाकेल. 1911 पासून पुरातत्त्वज्ञ विट्टोरियो स्पिनाझोला हा रस्ता उकरायला घेईल, तेव्हा ही अक्षरं ठळक असतील. मग उघड्यावर, ऊन-पावसात, त्यातली कितीतरी उडून जातील आणि केवळ उत्खननात उतरवून घेतलेल्या नोंदींत उरतील. म्हणून आज घाई करू नका. रंगारी पुढच्या भिंतीकडे निघालाय, चुना अजून ओला आहे. त्याच्या मागोमाग चला आणि प्रत्येक नाव वाचून घ्या.