रक्तरसाची साक्ष : कृष्णाकाठच्या साथी आणि प्रतिपिंडांचा इतिहास

सांगलीहून इस्लामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आष्टा हे गाव लागते. 1949 पर्यंत ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. पुढे दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचेच नाव सांगली ठेवण्यात आले. गावची चौंडेश्वरी आणि तिची भावई यांचा पंचक्रोशीत लौकिक आहे. परंतु या भागातील जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘देवी’ या शब्दाला आणखी दोन अर्थ होते. मुलाला देवी ‘आल्या’ म्हणजे रोग झाला आणि देवी ‘काढल्या’ म्हणजे लस टोचली. दैवत, रोग आणि रोगावरील उपाय या तिहींना एकच शब्द पुरावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाइतकीच इतिहासाच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावणारी आहे. लस टोचल्यानंतर शरीरात नेमके काय घडते हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते, त्या काळाची ती खूण होय.

साथींचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः मृत्यूंची नोंदबुके, जिल्हा गॅझेटियरे आणि आरोग्यखात्याचे वार्षिक अहवाल यांवर विसंबतो. या साधनांत एक मोठी उणीव आहे. जो मेला तो त्यांत सापडतो, जो दवाखान्यात गेला तो कधी कधी सापडतो. पण ज्याला संसर्ग झाला आणि जो दोन दिवसांच्या कणकणीनंतर पुन्हा शेतावर गेला, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. ती असते त्याच्या रक्तरसात. त्या नोंदीचे वाचन कसे करावे आणि ते कोठे चुकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रतिपिंडे ही प्रथिने होत. शरीरात विषाणू शिरला म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरील विशिष्ट घडणीला, म्हणजे प्रतिजनाला, जुळणारी प्रतिपिंडे काही पांढऱ्या पेशींपासून तयार होतात. त्यांचे मुख्य कार्य विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वी अडविण्याचे. विषाणू ज्या भागाने पेशीला चिकटतो तोच भाग ती झाकून टाकतात. शिवाय विषाणूला चिकटून ती त्याला भक्षक पेशींच्या हवाली करतात. एकदा विषाणू पेशीच्या आत गेला की मात्र तेथे त्यांचा हात पोहोचत नाही. संसर्ग झालेली पेशीच नष्ट करण्याचे काम दुसऱ्या प्रकारच्या पेशींना करावे लागते. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण प्रतिपिंडांची मोजणी म्हणजे संपूर्ण प्रतिकारशक्तीची मोजणी नव्हे.

एडवर्ड जेनरने 1796 मध्ये गोस्तन देवीची लस टोचली तेव्हा विषाणू आणि प्रतिपिंड या दोन्ही कल्पना अस्तित्वात नव्हत्या. लस बगदाद व बसरा या मार्गाने मुंबईस आली आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागली. तिच्या दंडावरील फोडातील द्रव पुढे इतरांना टोचण्यात आला. या पद्धतीत मूल हेच लसीचे पात्र. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी साखळी अखंड ठेवावी लागे, आणि आपल्या मुलाच्या फोडातील द्रव परक्याच्या मुलासाठी काढून देण्यास आईबाप नाखूष असत. या विरोधाला निव्वळ अज्ञान म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. पुढे वासराच्या अंगावर लस वाढविण्याची पद्धत रूढ झाली. मुंबई इलाख्यात 1827 पासून गावोगाव फिरणाऱ्या टोचणीदारांची व्यवस्था होती. तोच पुढे खेड्यातील मुलांना धडकी भरविणारा ‘देवी डॉक्टर’. बेरिंग आणि कितासातो यांनी रक्तरसातील प्रतिविषाचा शोध 1890 मध्ये लावला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे माणसाच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण करण्याचे काम चालले होते आणि प्रतिपिंडे ही वस्तू मात्र कोणाला माहीत नव्हती.

1918 च्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे नेली. ती साथ कोणत्या विषाणूची हे तेव्हा कळले नाही. पण त्या काळी जन्मलेल्या आणि नव्वदी ओलांडलेल्या अमेरिकेतील काही व्यक्तींच्या रक्तात त्याच विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे 2008 मध्ये आढळली. इतकी वर्षे टिकलेला पुरावा फार थोड्या दप्तरखान्यांत मिळेल.

आपल्याकडे या पुराव्याचे पद्धतशीर वाचन पुण्यात सुरू झाले. 1952 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी तेथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. 1978 पासून ती राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. केंद्राच्या आरंभकाळातच स्मिथबर्न, कर आणि गटणे यांनी देशातील अनेक ठिकाणांहून रक्तरसाचे नमुने गोळा केले. रक्तरस व विषाणू यांचे मिश्रण उंदरांना टोचावयाचे. उंदीर जगले तर त्या रक्तरसात प्रतिपिंडे आहेत असे समजावयाचे, अशी ती परीक्षा होती. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात 196 पैकी 33 नमुन्यांत झिका विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळल्याचे नमूद आहे. झिका हा युगांडातील अरण्यात 1947 मध्ये सापडलेला विषाणू! भारतात त्याचे प्रत्यक्ष रुग्ण निश्चित झाले ते 2016-17 मध्ये अहमदाबादेस, आणि महाराष्ट्रात 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे.

मग 1952 मध्ये झिका भारतात होता काय? येथे अभ्यासकाने हात आखडता घ्यावा. झिका, डेंगी, वेस्ट नाईल हे एकाच कुळातील विषाणू असून एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही काही अंशी चिकटतात. साक्षीदार खोटे बोलत नाही, पण भावाला भाऊ समजून ओळखण्यात त्याची चूक होऊ शकते.

या साऱ्याचे गांभीर्य आष्ट्याच्या आसमंतात 2020 मध्ये प्रकट झाले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात आष्ट्याच्याच वाळवे तालुक्यातील इस्लामपूर येथे परदेशाहून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना करोनाचा संसर्ग झाल्याचे आढळले आणि थोड्याच दिवसांत बाधितांची संख्या पंचविसाच्या आसपास गेली. ती तपासणी विषाणूची होती, प्रतिपिंडांची नव्हे. प्रतिपिंडे मोजता येण्याजोगी व्हावयास एक-दोन आठवडे लागतात. म्हणून ती आज कोण आजारी आहे हे सांगत नाहीत, काल कोण होता हे सांगतात. मे-जून 2020 मध्ये वैद्यक संशोधन परिषदेने देशातील 70 जिल्ह्यांत रक्तरसाची पाहणी केली. महाराष्ट्रातून निवडलेल्या सहा जिल्ह्यांत सांगली हा एक होता. प्रत्येक जिल्ह्यातून दहा वस्त्या आणि सुमारे 400 प्रौढ, असे एकूण 28,000 नमुने पुण्याच्या संस्थेने विकसित केलेल्या ‘कवच’ चाचणीने तपासले गेले. प्रमाण निघाले 0.73 टक्के. दिसावयास अल्प, पण त्यावरून मे महिन्याच्या आरंभी देशात 64 लाखांवर लोकांना संसर्ग होऊन गेला असावा असा हिशेब मांडण्यात आला. सरकारी यादीतील रुग्ण तेव्हा काही हजारांतच होते.

डिसेंबर 2020 व जानेवारी 2021 मधील तिसऱ्या फेरीत हे प्रमाण एकपंचमांशाच्या थोडे वर गेले. रोगी घटत होते, लग्नसराई पूर्ववत चालू झाली होती, आणि ‘बहुतेकांना होऊन गेला’ अशी समजूत पसरली होती. आकडा याच्या नेमके उलट सांगत होता : पाचांपैकी जवळजवळ चौघांच्या रक्तात त्या विषाणूची ओळखच नव्हती. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. राज्यात अन्यत्र ती ओसरल्यानंतरही सांगली, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांत जून-जुलैपर्यंत ती रेंगाळली. पुरावा हाताशी असून तो वाचला गेला नाही, असेच या प्रकरणी म्हणावे लागते.

जून-जुलै 2021 च्या चौथ्या फेरीत प्रमाण 67.6 टक्क्यांवर पोहोचले. परंतु तोवर लसीकरण सुरू झाले होते, आणि त्यामुळे वाचनाची नवीच अडचण उभी राहिली. कोविशील्ड लसीमुळे विषाणूच्या केवळ काट्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. तेव्हा अंतर्भागातील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली तर ती संसर्गाची मानता येतात. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र पुण्यात वेगळा केलेला संपूर्ण विषाणू मृत स्वरूपात असतो, म्हणून ती घेतलेल्या माणसाच्या रक्तात दोन्ही प्रकारची प्रतिपिंडे सापडू शकतात. उंदरांवर परीक्षा करणाऱ्यांना 1952 मध्ये एका विषाणूची साक्ष दुसऱ्यापासून निवडता येत नव्हती. 2021 मध्ये अशा माणसाच्या रक्तरसात रोगाची साक्ष कोणती आणि लसीची कोणती, हे निवडता येत नव्हते.