हात आणि व्यायाम : मानदुखीच्या उपचाराची दोन शतके

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या मानदुखीला वैद्यकात जुनाट मानदुखी म्हणतात. बहुतेक रुग्णांत तिचे एकच निश्चित कारण क्ष-किरण चित्रात सापडत नाही. अशा दुखण्यावर दोन मार्ग सांगितले जातात. एक, प्रशिक्षित हातांनी सांधे व स्नायू हलवून घेणे, म्हणजे हस्तोपचार. दुसरा, रुग्णाने घरी नियमित व्यायाम करणे. आज हे मार्ग परस्परांचे प्रतिस्पर्धी भासतात. इतिहासात मात्र ते एकाच घरात वाढले.

स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामसंस्था स्थापली. त्यांच्या पद्धतीत उपचारकाने रुग्णाचे अवयव हलवणे आणि रुग्णाने स्वतः हालचाल करणे, या दोन्ही क्रियांना स्थान होते. पुढे १८९४ मध्ये लंडनला चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संघटना उभारली. ब्रिटनमधील फिजिओथेरपी व्यवसाय तिच्यातूनच विकसित झाला. म्हणजे तेथे व्यवसायाची सुरुवात हातांपासून झाली. व्यायामाचा भार पुढे वाढत गेला.

भारतात या विद्येचे औपचारिक शिक्षण मुंबईत सुरू झाले. पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर १९५० च्या दशकाच्या आरंभी केईएम रुग्णालयात केंद्र सरकार, मुंबई महापालिका व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने फिजिओथेरपीची पहिली शाळा उभी राहिली. पोलिओने दुबळे झालेले स्नायू चार-दोन भेटींत सुधारत नाहीत. त्यांना महिनोन्महिने रोजचा व्यायाम लागतो. उपचारकाचे काम जितके करण्याचे, तितकेच शिकवण्याचे असते, हा धडा या आजाराने दिला. या व्यवसायाला देशपातळीवर कायद्याची चौकट लाभण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

मानदुखीबाबत हा धडा कितपत लागू पडतो, हे नंतरच्या चाचण्यांनी तपासले. फिनलंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८० महिला कार्यालयीन कर्मचारी होत्या. बारा दिवसांच्या प्रशिक्षणानंतर ज्यांनी वर्षभर घरी मानेच्या बळकटीचे व्यायाम केले, त्यांचे दुखणे तुलनागटापेक्षा स्पष्टपणे घटले. त्याच देशातील २००७ च्या अभ्यासात १२५ महिलांवर आठवड्यातून दोनदा हस्तोपचार आणि आठवड्यातून पाच वेळा ताणाचे व्यायाम यांची तुलना झाली. हस्तोपचाराने ताठरपणा किंचित अधिक कमी झाला. वेदनेतील घट मात्र जवळपास सारखीच होती. २०१२ मध्ये अमेरिकेतील २७० रुग्णांच्या चाचणीने एक महत्त्वाची मर्यादाही दाखवली. बारा आठवड्यांअखेर देखरेखीखालचा व्यायाम, थोडक्या मार्गदर्शनावर घरी केलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरला. त्याला मणक्याच्या हस्तोपचाराची जोड दिल्याने विशेष अधिक लाभ झाला नाही.

या आकड्यांचे मोल जबलपूरसारख्या शहरात कळते. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आल्यापासून हे कामगारांचे शहर आहे. रोजंदारीवरच्या माणसाला आठवड्यातून दोनदा उपचारकेंद्र गाठायचे, तर प्रत्येक खेपेला फीबरोबर मजुरीवरही पाणी सोडावे लागते. घरच्या व्यायामाला तो खर्च नाही. पण कागदावर चार चित्रे काढून दिली म्हणजे व्यायाम शिकवला, असेही नाही. नीट शिकवलेला, हळूहळू वाढवलेला व अधूनमधून तपासलेला व्यायामच गुण देतो.

हाताला बधिरपणा वा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, ताप किंवा अपघातानंतरचे दुखणे असेल, तर प्रथम डॉक्टरांची तपासणी आवश्यक आहे. इतरांसाठी या दोन शतकांचा निष्कर्ष साधा आहे : उपचारकाच्या हातांनी आराम मिळतो, आणि त्याच हातांनी रुग्णाला व्यायाम शिकवला, तर तो आराम टिकवणे रुग्णाच्या हाती येते.