शिशाचे काठिण्य आणि नागरी अनुस्वार

जुन्या मराठी मुद्रित ग्रंथांच्या लेखनपद्धतीचा अभ्यास करणारास एक शंका वारंवार अडविते. ‘मुलास’ आणि ‘मुलांस’ यांत अंतर केवळ एका बिंदूचे; परंतु त्या बिंदूने वचन बदलते. पानावर तो बिंदू दिसत नसेल तर तो लेखकाने दिलाच नव्हता, जुळाऱ्याच्या हातून सुटला, की खिळ्यावर असूनही कागदावर उमटला नाही? व्याकरणकार लेखकाकडे बोट दाखवितो, ग्रंथसंपादक मुद्रितशोधकाकडे. खिळा ज्या धातूचा ओतला त्या धातूची साक्ष मात्र क्वचितच काढली जाते. ती काढण्यास फार मोठी प्रयोगशाळा लागते असेही नाही.

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले, तेव्हा हा प्रश्न उद्भवत नव्हता. शिळेवर लेखनिकाचा हात उमटतो. बिंदू दिला असेल तर तो दिसतो. खिळ्यांच्या छपाईत लेखक आणि कागद यांच्यामध्ये ओतारी येऊन उभा राहतो. मुंबईतील या ओतकामाच्या इतिहासात जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांचे स्थान सर्वश्रुत आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली ते लहान वयातच खिळे घासण्याच्या कामावर लागले. पुढे १८६४ च्या सुमारास त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारला. ठशांच्या कामी राणोजी रावजी आरू यांचे कसब त्यांच्या पाठीशी होते. त्यांच्या चरित्राचा आरंभ खिळे घासण्यापासून होतो, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु ओतलेल्या खिळ्याची कड घासताना धातू मऊ आहे की ताठ, हे जितके बोटांना कळते तितके दुसऱ्या कोणत्याही कामात कळत नसेल.

शुद्ध शिसे खिळ्यांच्या उपयोगाचे नाही. ते ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळते, थंड होताना आकसते, आणि थोड्याशा दाबाने चेपते. त्यात अँटिमनी मिसळली की धातू कठीण होतो व त्याचे आकसणे कमी होते. कथील मिसळले की तो चिवट होतो आणि मातृकेतील बारीक रेषा नीट भरून येते. शंभर भागांत ८४ शिसे, १२ अँटिमनी व ४ कथील हे मिश्रण सुमारे २४० अंशांवरच वितळते. लायनोटाइप यंत्राच्या ओळी साधारणपणे याच प्रमाणाच्या धातूत ओतल्या जात. हाताने जुळवावयाचे खिळे पुनःपुन्हा वापरावयाचे असल्याने त्यांत अँटिमनी व कथील यांचे प्रमाण बरेच अधिक असे. मात्र अँटिमनी फार झाली तर खिळा ठिसूळ होतो, आणि कथील महाग पडते. शिवाय वापरलेले खिळे पुन्हा वितळविताना कथील व अँटिमनी मळीबरोबर थोडी थोडी निघून जातात. भर न घातल्यास प्रत्येक फेरीत धातू मऊ होत जातो. चित्रांच्या जस्ती ठशांचा तुकडा चुकून कढईत पडला तर सारा घाणा बिघडतो, तो वेगळाच.

रोमन लिपीच्या मानाने नागरी लिपी या धातूची परीक्षा अधिक कठोरपणे घेते. रोमन अक्षरे सुटी असतात. खिळ्याच्या कडेचा कोपरा किंचित बोथटला तरी वाचकास त्याचा पत्ता लागत नाही. नागरीत शिरोरेषा एका खिळ्यावरून दुसऱ्यावर अखंड जावी लागते. कोपरा बसला की रेषेत फट पडते, आणि दहा हजार प्रतींनंतर ओळ दातेरी दिसू लागते. वेलांटी, रफार, मात्रा यांचे काही भाग खिळ्याच्या अंगाबाहेर येऊन शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकतात. मऊ धातूत हा लटकता भाग वाकतो, ठिसूळ धातूत मोडतो. अनुस्वाराची स्थिती तर सर्वांत नाजूक. यंत्राचा दाब त्याच्या सुईच्या टोकाएवढ्या पृष्ठावर येतो. मऊ धातूतील बिंदू प्रथम पसरतो, जाड छापला जातो, आणि मग खाली बसून कागदाला शिवेनासा होतो. लिपिसुधारणेच्या वादात, १९५३ च्या लखनौ परिषदेपर्यंत आणि नंतरही, खिळ्यांची संख्या पुष्कळदा मोजली गेली. ते खिळे टिकतात किती, हा प्रश्न तिच्याइतकाच महत्त्वाचा होता.

काठिण्य अंकांत मांडण्याची सोय जावजींच्या हयातीत नव्हती. ओतारी तुकडा मोडून त्याचा कण पाहत असे, नखाने ओरखडा काढी. स्वीडनचे अभियंते योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी आपली पद्धत १९०० साली मांडली: ठरावीक व्यासाची पोलादी गोळी ठरावीक भाराने धातूत दाबावयाची, उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजावयाचा, आणि भारास खळग्याच्या वक्रपृष्ठाच्या क्षेत्रफळाने भागावयाचे. शुद्ध शिशाचा अंक सुमारे ४ येतो, लायनोच्या धातूचा सुमारे २२, मोनोटाइपच्या कठीण धातूचा २८ च्या आसपास.

या तत्त्वावरचे उपकरण अंधेरी-घाटकोपरच्या एखाद्या साध्या गाळ्यातही तयार होऊ शकते. सायकलच्या पुढील चाकाच्या आसातील छर्रा बहुधा ३/१६ इंचाचा, म्हणजे ४.७६ मिलिमीटरचा असतो. तो एका दांड्याच्या टोकाशी खाचेत बसवावा. तरफेच्या टेकूपासून १० सेंटिमीटरवर हा दांडा आणि ५० सेंटिमीटरवर वजन ठेवले तर साडेचार किलोचा भार छर्ऱ्यावर साडेबावीस किलोंच्या आसपास पडतो. तरफेचे स्वतःचे वजन आधी तोलून घ्यावे. भार हळूच सोडून अर्धा मिनिट ठेवावयाचा. शुद्ध शिशात खळगा सुमारे २.६ मिलिमीटर रुंद पडेल, २२ अंकाच्या धातूत १.१४, आणि २८ च्या धातूत १.०१. खरी अडचण येथेच आहे. लायनो आणि मोनो यांतील भेद एका मिलिमीटरच्या अष्टमांशाएवढाच असल्याने तरफ कितीही नीट असली तरी आखणीचे भिंग चांगले नसेल तर श्रम वाया जातात. भिंग नसेल तर छर्रा शुद्ध शिशाचा तुकडा व परीक्षेचा तुकडा यांमध्ये ठेवून शेगड्यात आवळतात. दोन्ही खळग्यांच्या व्यासांच्या वर्गांचे व्यस्त प्रमाण हेच काठिण्याचे ढोबळ प्रमाण. शिशात ३ व धातूत १.३ मिलिमीटर आल्यास अंक २१ च्या जवळ निघतो.

खळगा खिळ्याच्या तोंडावर न पाडता अंगाच्या बाजूवर पाडावा, म्हणजे अक्षर शाबूत राहते. परंतु खळग्याचा मध्य कडेपासून खळग्याच्या अडीच पट दूर हवा. बारा पॉइंटच्या खिळ्याचे अंग सव्वाचार मिलिमीटरचेच असते, तेथे हे जमत नाही. सोळा पॉइंटच्या खिळ्यावर ते जेमतेम साधते, त्याहून मोठ्यांवर निर्धास्तपणे. अशा वेळी त्याच केसमधील कोरा क्वाड तपासण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण न छापणारे सामान हलक्या धातूत ओतण्याची सवय सर्वत्र होती. ताजे ओतलेले मिश्रण काही दिवस आपले काठिण्य बदलत राहते. जुन्या खिळ्यांत ते स्थिरावलेले असते, हा संशोधकाचा फायदा. काठिण्याच्या अंकावरून मिश्रणाचे घटक सिद्ध होत नाहीत, त्यासाठी रासायनिक पृथक्करणच हवे.

तपासण्याजोगे खिळे मात्र झपाट्याने नाहीसे झाले. १९८० नंतर ऑफसेट आणि संगणकीय जुळणी आली, आणि उपनगरांतील लग्नपत्रिका व पावतीपुस्तके छापणाऱ्या छापखान्यांतील केसेस वजनावर विकल्या जाऊन भट्टीत गेल्या. याच उपनगरांत, पवईच्या आय. आय. टी.त आणि नंतर जुहूच्या संगणक-संस्थेत, र. कृ. जोशी यांनी नागरी अक्षर धातूपासून सर्वस्वी मोकळे केले. त्यांच्या ‘मंगल’ वळणाचा अनुस्वार झिजत नाही. पण तो १९६२ पूर्वीच्या छापील पानाविषयी काही सांगूही शकत नाही.

आणि १९६२ पूर्वीचे पान हेच येथे महत्त्वाचे आहे. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरीं’ यांतील अनुच्चारित अनुस्वार साहित्य महामंडळाच्या त्या वर्षीच्या नियमांनी गेले. त्याआधी ते कोणत्या लेखकाने, कोणत्या दशकात सोडावयास आरंभ केला, हे छापील पानांवरील बिंदू मोजूनच ठरवावे लागते. मोजणी करणाऱ्याने एकाच आवृत्तीच्या निदान दोन प्रती समोर ठेवाव्यात. एका प्रतीत बिंदू आहे व दुसरीत नाही असे आढळले, तर तो लोप लेखकाच्या खाती न टाकता धातूच्या खाती टाकावा. दोन्हींत नसेल तर त्याच पानावरील शिरोरेषा पाहावी. ती जोडांवर तुटलेली असेल तर खिळे झिजलेले होते, आणि त्या पानावरील बिंदूंची गणना वेगळी ठेवावी.