ट्रॅक्टर लोडरची हायड्रॉलिक जोडणी : नळ्या, नियंत्रण व्हॉल्व्ह आणि तेलाचा परतमार्ग

ट्रॅक्टरच्या पुढील भागावर दोन भुजा बसवून त्यांच्या टोकाला बकेट जोडली की त्या रचनेस लोडर म्हणतात. भुजा उचलणे व उतरवणे आणि बकेट भरणे व रिती करणे या चारही हालचाली दाबाखालील तेलाच्या बळावर होतात. पंपाकडून आलेले तेल कोणत्या क्षणी कोणत्या सिलिंडरकडे जावे हे चालकाच्या हाताजवळचा नियंत्रण व्हॉल्व्ह ठरवतो, आणि ते तेल वाहून नेण्याचे काम पोलादी तारेच्या विणीने बळकट केलेल्या रबरी नळ्या करतात.

कर्नाटकातील बीदर व कलबुर्गी हे जिल्हे महाराष्ट्रातील नांदेड, लातूर, धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांना लागून आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी सोलापूर वगळता हा टापू हैदराबाद राज्यात होता. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत आजही मराठी मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. कलबुर्गीची काळी जमीन तुरीसाठी प्रसिद्ध असून तेथील तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. बीदरचे पठार गोव्याप्रमाणेच जांभ्या दगडाचे आहे. शेणखत भरणे, तलावातील गाळ शेतात टाकणे, मुरूम व माती ट्रॉलीत चढवणे अशा कामांसाठी शेतकऱ्याच्या घरच्या ट्रॅक्टरला लोडर जोडून घेणे हा अशा भागात सोयीचा मार्ग ठरतो.

ट्रॉलीचा जॅक आणि लोडर यांतील भेद

ग्रामीण कारागिरास सर्वाधिक परिचित असलेली हायड्रॉलिक जोडणी म्हणजे उलटणाऱ्या ट्रॉलीची. तिच्या जॅकला एकच नळी असते. तेल आत गेले की ट्रॉली उचलली जाते, आणि हँडल सोडले की ट्रॉलीच्या वजनाने तेच तेल त्याच नळीतून परत येते. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असल्याने परतीचा वेगळा विचार करावा लागत नाही.

लोडरचे सिलिंडर मात्र दुहेरी क्रियेचे असतात. दट्ट्याच्या एका बाजूस तेल शिरते तेव्हा दुसऱ्या बाजूचे तेल बाहेर पडावेच लागते. ते बाहेर पडू शकले नाही तर सिलिंडर हलत नाही, दाब चढत जातो आणि सर्वांत दुर्बळ जागा फुटते. त्यामुळे लोडरच्या जोडणीत तेल कोठून येते याइतकेच ते कोठून परत जाते हे महत्त्वाचे असते. बहुतेक गंभीर चुका या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याने घडतात.

व्हॉल्व्हची सात तोंडे

दोन हँडलांच्या व्हॉल्व्हला साधारणतः सात जोडण्या लागतात. त्यांपैकी चार काम करणाऱ्या असतात. प्रत्येक हँडलासाठी ‘ए’ आणि ‘बी’ अशी एकेक जोडी असते, एक भुजांच्या सिलिंडरांसाठी आणि दुसरी बकेटच्या सिलिंडरांसाठी. उरलेल्या तीन पुरवठ्याच्या व परतीच्या. ‘पी’ या तोंडात पंपाचे तेल येते. ‘टी’ या तोंडातून वापरलेले तेल टाकीकडे जाते. ‘एन’ हे तिसरे तोंड पुढील यंत्रणेकडे दाबाचे तेल नेते. त्यास ‘पॉवर बियाँड’ असे नाव असून ट्रॅक्टरच्या मागील लिफ्टकडे जाणारी नळी येथूनच निघते.

अनेक ट्रॅक्टरांची यंत्रणा ‘ओपन सेंटर’ पद्धतीची असते. हँडल मधल्या स्थितीत असताना पंपाचे तेल व्हॉल्व्हमधून अडथळ्याविना वाहत पुढे जाते. या तेलाने आधी लोडरच्या व्हॉल्व्हमध्ये यावे, तेथून ‘एन’मार्गे मागील लिफ्टकडे जावे आणि शेवटी टाकीत पोहोचावे, असा क्रम असतो. ‘टी’ची नळी मात्र या रांगेत न बसवता थेट टाकीस जोडावी लागते.

येथे होणारी नेहमीची चूक म्हणजे नळी वाचवण्यासाठी ‘टी’ तोंडच मागील लिफ्टला जोडणे. ‘टी’चा भाग दाब सहन करण्यासाठी बनवलेला नसतो. मागील लिफ्टवर भार आला की पूर्ण दाब उलट दिशेने त्या भागात चढतो, सील निघून येतात आणि प्रसंगी व्हॉल्व्हच्या बिडाच्या कवचाला तडा जातो. दुसरी चूक ‘एन’ तोंडात आवश्यक ती बाही न बसवता नळी जोडण्याची. ही बाही तेलाचा पुढे जाणारा मार्ग आतल्या परतीच्या मार्गापासून वेगळा करते. ती नसेल तर तेल आतल्या आत टाकीकडे वळते आणि मागील लिफ्ट उचलत नाही. बाही बसवल्यावर मात्र ‘एन’ आणि ‘टी’ या दोन्ही जोडण्या अनिवार्य होतात.

काही जुन्या रचनेच्या ट्रॅक्टरांत पंप मागील गिअरपेटीच्या आत, तेलात बुडालेला असतो. त्याचा प्रवाह अल्प असल्याने लोडरसाठी इंजिनवर स्वतंत्र पंप आणि वेगळी टाकी बसवणे श्रेयस्कर असते. ट्रॅक्टरची यंत्रणा ‘क्लोज्ड सेंटर’ असेल तर व्हॉल्व्हही त्याच जातीचा हवा. जोडणीपूर्वी ही बाब ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहून घ्यावी.

आकड्यांची बाजू

समजा, भुजेच्या सिलिंडरचा आतील व्यास ६३ मिलिमीटर आणि दांड्याचा व्यास ३५ मिलिमीटर आहे. तळाकडील बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर, तर दांड्याकडील बाजूचे सुमारे २१.५ चौरस सेंटिमीटर येते. १५० बार दाबाने तळाकडील बाजूस तेल सोडले तर एका सिलिंडरचे बळ पावणेपाच टनांच्या आसपास भरते. दांड्याकडून तेल सोडल्यास ते साधारण सव्वातीन टनच राहते. म्हणून सामान्य रचनेत भुजा उचलण्याचे काम तळाकडील बाजूकडे दिलेले असते.

याच फरकाचा परिणाम परतीच्या नळीवर होतो. पंप मिनिटाला ४० लिटर तेल देत असेल आणि ते दांड्याकडील बाजूस जात असेल, तर तळाकडून त्याच वेळी सुमारे ५८ लिटर वेगाने तेल बाहेर पडते. म्हणजे परतीच्या नळीला पंपाच्या प्रवाहापेक्षा दीडपटीच्या जवळपास तेल वाहून न्यावे लागते. ‘तेथे दाबच नसतो’ असे म्हणून परतीसाठी हाती लागेल ती बारीक नळी लावली, तर तेल तापते आणि सिलिंडर अडखळत चालतात. परतीची नळी पुरवठ्याच्या नळीहून मोठ्या व्यासाची असावी.

नळी आणि सांधे

अर्ध्या इंचाच्या नळीत पोलादी तारेची एक वीण असेल तर युरोपीय मानकानुसार तिचा कामाचा दाब १६० बार असतो. दोन विणींच्या नळीत तो २७५ बारपर्यंत जातो. फुटण्याची मर्यादा कामाच्या दाबाच्या चौपट धरलेली असते. ही चौपट हातात घेऊन खर्च करण्याची शिल्लक नव्हे. खड्ड्यातून जाताना भरलेली बकेट हिसका देते, तेव्हा क्षणभर येणारे दाबाचे झटके तीच झेलत असते. म्हणून कामाच्या चार नळ्यांसाठी दोन विणींची नळी घेणे योग्य.

नळीची वळणे ओढून बसवू नयेत. अर्ध्या इंचाच्या दोन विणींच्या नळीस किमान १८० मिलिमीटर त्रिज्येचे वळण लागते. दाब चढला की नळीची लांबी किंचित बदलते, त्यामुळे थोडी सैल लांबी ठेवावी. नळीवर छापलेली लांब रेघ सरळ दिसत असेल तर नळीला पीळ बसलेला नाही असे समजावे. भुजा पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन नळी कोठे ताणली, चिमटली वा घासली जात नाही ना, हे इंजिन चालू करण्यापूर्वीच्या आखणीत पाहिले पाहिजे.

आट्यांचा मेळ ही फसवी बाब आहे. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश आणि अमेरिकन पाइपआट्यांत इंचाला १४ च आटे असतात, परंतु आट्याचा कोन पहिल्यात ५५ अंश व दुसऱ्यात ६० अंश असतो. त्यामुळे एकाचा निपल दुसऱ्यात काही फेरे जातो, बसल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली गळतो. टेफ्लॉनची पट्टी केवळ निमुळत्या आट्यांवर चालते. सरळ आट्यांवर गळती रोखण्याचे काम रबर जोडलेला वॉशर किंवा ओ-रिंग करते. अशा ठिकाणी पट्टी गुंडाळल्यास तिचा तुकडा तुटून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो.

नळी कापताना रबराची व तारेची भुकटी आत राहते. ती हवेने व स्वच्छ तेलाने धुऊन काढावी. तुरीच्या मळणीच्या दिवसांत आणि उन्हाळ्यातील गाळाच्या कामात काळ्या मातीची धूळ सर्वत्र असते, म्हणून उघडी तोंडे जोडणीच्या क्षणापर्यंत टोपणांनी बंद ठेवावीत.

‘फ्लोट’ची दिशा

भुजांच्या हँडलास बहुधा ‘फ्लोट’ नावाची चौथी स्थिती असते. हँडल ‘खाली’च्या पलीकडे ढकलले की ते तेथे अडकून राहते. सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीस जोडल्या जातात आणि बकेट जमिनीच्या चढउतारावर मोकळी सरकते. भुजांच्या ‘ए’ आणि ‘बी’ नळ्यांची अदलाबदल झाली तर हालचाल केवळ उलटी होते असे नाही. ‘फ्लोट’ची स्थिती ‘वर’च्या पलीकडे येते. चालक भरलेली बकेट उचलता उचलता हँडल थोडे अधिक ढकलतो आणि बकेट क्षणात खाली कोसळते. उलट चालणाऱ्या हँडलाची सवय करून घेणे म्हणूनच घातक आहे. नळ्या बदलूनच दोष दूर करावा.

जोडणीचा क्रम आणि चाचणी

काम सुरू करताना बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे आणि प्रत्येक हँडल दोन्ही दिशांना हलवून अडकलेला दाब सोडावा. भुजा वर ठेवून काम करणे अपरिहार्य असेल तर पोलादी टेकू लावावा, केवळ तेलाच्या भरवशावर उचललेल्या भुजेखाली कोणी जाऊ नये. आधी ‘टी’, मग ‘एन’, त्यानंतर कामाच्या चार नळ्या आणि सर्वांत शेवटी ‘पी’ असा क्रम ठेवल्यास परतीचा मार्ग खुला होण्यापूर्वी दाब येण्याचा संभव राहत नाही. झटपट जोडणीचे कपलर वापरले असतील तर ते पूर्ण बसल्याची खात्री करावी. अर्धवट बसलेला कपलर बंद झडपेसारखा वागतो.

नंतर इंजिन मंद गतीवर ठेवून प्रत्येक सिलिंडर भाराविना अनेक वेळा पूर्ण पुढे-मागे न्यावा. हालचालीतील झटके नाहीसे झाले म्हणजे हवा निघाली असे समजावे. नव्या नळ्यांत व सिलिंडरांत तेल भरले गेल्याने टाकीची पातळी उतरते, म्हणून भुजा खाली आणून ती पुन्हा पाहावी. हँडले मधल्या स्थितीत असताना इंजिन दबल्यासारखे चालत असेल किंवा तेल लवकर तापत असेल, तर मार्गात कोठेतरी अडथळा आहे. अशा वेळी रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून शक्ती वाढवण्याचा प्रयत्न करू नये. ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे दाब वाढू न देणे हेच त्याचे काम आहे.

गळती शोधण्यासाठी हात कधीही फिरवू नये. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम वरून क्षुल्लक दिसते, वेदनाही आरंभी थोडी असते, परंतु आत शिरलेले तेल पेशी नष्ट करते आणि उपचारास विलंब झाल्यास बोट वा हात गमवावा लागतो. शोध पुठ्ठ्याच्या तुकड्याने घ्यावा. अशी इजा झालीच तर मलमपट्टीवर न थांबता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे पोहोचताच ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना प्रथम सांगावे, कारण जखमेच्या आकारावरून तिचे गांभीर्य कळत नाही.

नळीच्या बाहेरील रबरास भेगा पडणे, तार दिसू लागणे, सांध्याजवळ फुगवटा येणे, फेरूलभोवती ओल राहणे यांपैकी एकही खूण दिसल्यास नळी बदलावी. हंगाम सुरू होण्यापूर्वी सातही जोडण्या पुसून, भार देऊन आणि पुन्हा पाहून घेतल्या, तर ऐन कामाच्या दिवसांत लोडर उभा राहण्याचा प्रसंग सहसा येत नाही.