नवी मोटार, जुने एंजिन

मोटारीचा देह आणि तिचे एंजिन यांचे वय एकच असावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नवी मोटार घेणारा मनुष्य आतील एंजिनही नवेच आहे, असे गृहीत धरून चालतो. भारतातील मोटारधंद्याच्या इतिहासात मात्र असा एक काळ येऊन गेला, की ज्या वेळी नव्या देहात जुने एंजिन बसवूनच नवी मोटार सिद्ध होत असे. १९८४ व १९८५ या दोन वर्षांत देशातील तीन जुन्या कारखान्यांनी तीन नव्या मोटारी बाजारात आणल्या. तिन्हींचे देह एका घराण्याचे, तर एंजिने दुसऱ्या घराण्याची होती. हा विजोड संसार का मांडला गेला आणि त्यांपैकी कोणाचा सुखाचा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

या कथेचे मूळ बरेच मागे जाते. १९४२ साली बिर्लांनी हिंदुस्तान मोटर्सची आणि १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. प्रीमियरचा कारखाना मुंबईत कुर्ल्यास उभा राहिला. परदेशातून सुटे भाग आणून येथे केवळ जोडकाम करणाऱ्या कंपन्यांना १९५३ च्या सुमारास सरकारी धोरणाने निरोप दिला. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला तो याच धोरणामुळे. ज्यांनी भाग येथेच घडविण्याचे पत्करले, त्यांना मैदान मोकळे मिळाले. उद्देश स्वावलंबनाचा होता, आणि तो बऱ्याच अंशी सफळही झाला. परंतु परकीय चलनाची टंचाई, परवान्यांची बंधने आणि स्पर्धेचा अभाव यांमुळे मोटारी जेथल्या तेथे राहिल्या. १९५७ च्या सुमारास आलेली अँबॅसडर व त्यानंतरची फियाट ११०० यांवरच देशाने पाव शतक काढले. फियाटचे पुढे पद्मिनी असे नामांतर झाले, एवढेच काय ते परिवर्तन!

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ही निद्रा मोडली. जुन्या कारखान्यांना काहीतरी नवे दाखविणे भाग पडले, तेही तातडीने. येथे देह आणि एंजिन यांतील एक मूलभूत भेद प्रकट झाला. परदेशी कारखान्याने एखादा नमुना बंद केला, की त्याचे पत्रे दाबण्याचे साचे विकत मिळू शकतात. साचे आले, की देह आला. एंजिनाचे तसे नाही. त्याच्यासाठी ओतशाळा लागते. मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब ठेवणारी यंत्रे लागतात. भाग पुरविणारे लहानमोठे कारखानदार आणि गावोगावी ते खोलून पुन्हा जोडणारे कारागीर लागतात. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि पोलादाच्या बाबतीत देशाचे पाऊल पुढे पडले. पण पोलाद हाती असणे आणि त्यातून नव्या रचनेचे एंजिन घडविणे यांत फार मोठे अंतर आहे. म्हणून कारखान्यांनी देह नवा आणला आणि जे एंजिन हाताला सरावले होते तेच त्यात बसविले.

हिंदुस्तान मोटर्सची कंटेसा १९८४ साली आली. तिचा देह ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या १९७२ साली निघालेल्या व्हिक्टर मालिकेचा. तेथे या देहात १७५९ व २२७९ घनसेंटिमीटरची एंजिने बसत असत. येथे अँबॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे, १९५० च्या दशकातले एंजिन त्यात बसविण्यात आले. ऐसपैस अंगाची ही मोटार हालचालीला मंद ठरली, यात नवल नाही. पुढे जपानच्या इसुझू कंपनीचे १८१७ घनसेंटिमीटरचे एंजिन बसविल्यावर तिचे भाग्य उजळले आणि ती २००२ पर्यंत टिकली.

स्टँडर्ड २००० ची गोष्ट अधिक करुण आहे. मद्रासच्या कारखान्याने १९८५ साली रोव्हरचा सुंदर देह आणला. त्याच्या मूळ रूपाला १९७७ सालची युरोपातील सर्वोत्तम मोटार हा मान मिळाला होता. ब्रिटनमध्ये त्यात प्रथम आठ सिलिंडरांचे ३५२८ घनसेंटिमीटरचे एंजिन होते. मद्रासेत १९९१ घनसेंटिमीटरचे एंजिन आले. त्याचे कूळ १९४० च्या दशकातील स्टँडर्ड व्हॅनगार्डचे. रोव्हरनेही १९८२ पासून दोन लिटरचे एंजिन दिले होते. पण आकडे जुळले तरी रचनेतील पिढ्यांचे अंतर राहिलेच. किंमत भारी आणि चाल मंद, अशा मोटारीला गिऱ्हाईक मिळेना. १९८८ साली उत्पादन थांबले आणि एका जुन्या कारखान्याचा मोटारधंदाच संपला. चुकीच्या जोडीची किंमत अखेर तेथील कामगारांना मोजावी लागली.

कुर्ल्याच्या प्रीमियरने मात्र १९८५ साली वेगळी वाट धरली. ११८ एनई या मोटारीचा देह स्पेनमधील सेआट कंपनीच्या, म्हणजे मूळच्या फियाट १२४ च्या वळणाचा होता. घरचे १०८९ घनसेंटिमीटरचे एंजिन हाताशी असताना कारखान्याने जपानच्या निसानचे ११७१ घनसेंटिमीटरचे एंजिन निवडले. फियाट १२४ चे मूळ एंजिन ११९७ घनसेंटिमीटरचे. म्हणजे एंजिन देहाच्या मापाला बेतलेले होते. तेही अगदी अद्ययावत नव्हते, पण अंगाला शोभणारे होते. तिघींत हीच जोडी पहिल्यापासून समतोल ठरली.

असे प्रयोग त्या काळी शक्य झाले याचे आणखी एक कारण होते. त्या एंजिनाला कार्बुरेटर पेट्रोल पुरवी आणि ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर सांभाळी. चार तारा, एक नळी आणि आधाराचे कंस जुळविले, की एंजिन परक्या देहातही नांदू लागे. आज एंजिनाचा कारभार संगणक पाहतो आणि देहातील अनेक उपकरणांशी त्याची अखंड बोलणी चालू असतात. जुने एंजिन नव्या मोटारीत बसवायचे, तर त्याचे संगणक, संवेदक आणि तारांचे जाळेही संगे आणावे लागते. शिवाय धुराचे नियम कडक झाले आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मर्यादा देशभर लागू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार मनाला येईल तसे करू देत नाही.

त्या तीन मोटारींना हसणे सोपे आहे. परंतु त्यांच्यातील जुनी एंजिने ही लबाडी नव्हती. देशाला स्वतःच्या बळावर काय घडविता येते, याची ती प्रामाणिक मोजदाद होती. दोष जुनेपणाचा नव्हता. पाव शतक त्या एंजिनांकडे कोणी नव्याने पाहिले नाही, हा खरा दोष होता. ज्याला भाग घडविता येतात तो स्वावलंबी झाला हे खरे. पण घडविलेले सुधारण्याची निकड संपली, की तेच स्वावलंबन हळूहळू जुने होत जाते.